बरोबर आहे, पण बरं नाही

वणीच्या पेठेत एक घड्याळजी बसतात. दुकान म्हणजे काय, चार फूट रुंदीची जागा, एक काचेची पेटी, एक स्टूल आणि डोक्यावर लोंबणारा दिवा. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या यात्रेकरूंची रीघ त्यांच्या दारावरून जाते. त्यातला एखादा थांबतो, तोही पट्टा बदलायला किंवा सेल टाकायला. चावीचं घड्याळ घेऊन येणारी गिऱ्हाइकं महिन्यातून दोन-तीनच. त्या दोन-तीनांतला मी एक.

माझं घड्याळ खरं तर वडिलांचं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे. एचएमटी ‘जनता’. पांढरी तबकडी, सतरा जुएल, रोज सकाळी चावी द्यायची. गुरुजी ते रेडिओच्या पिपांवर लावत आणि शाळेची घंटा त्या घड्याळावर होई. १९८३ साली मी बँकेत लागलो तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हाताने माझ्या मनगटावर बांधलं. बँकेतली माझी पस्तीस वर्षं त्याच घड्याळाने मोजली. निवृत्त होऊन वणीला परतल्यावरही मी रोज सकाळी ते मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहतो. फरक पाच-सात सेकंदांच्या पुढे जात नाही. या गोष्टीचा मला, खोटं कशाला बोलू, थोडा गर्व होता.

घड्याळजींच्या मुलाने त्यांना एक यंत्र मागवून दिलं. डब्याएवढी पेटी, तिला छोटा पडदा, आणि वायरीच्या टोकाला घड्याळ धरून ठेवणारा चिमटा. ‘टायमिंग मशीन’ म्हणतात त्याला. मी सहज दुकानात टेकलो होतो. ते म्हणाले, “गुरुजींचं घड्याळ काढा हो जरा.” मी काढून दिलं, आणि देताना माझ्या रोजच्या ताळ्याची फुशारकीही मारून घेतली.

त्यांनी घड्याळ चिमट्यात पालथं धरलं. पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रेघा सरकू लागल्या आणि वर आकडे आले. घड्याळजींनी आयग्लास कपाळावर सरकवला, पडदा दोन मिनिटं न्याहाळला, मग घड्याळ उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. शेवटी म्हणाले, “साहेब, घड्याळ बरोबर आहे. पण बरं नाही.”

यंत्र काय ऐकतं?

हे वाक्य मला त्या दिवशी कळलं नाही. ते कळण्यासाठी पुढचे दोन महिने मी त्यांच्या स्टुलावर बसून काढले. जे उमगलं ते इथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आजोबांचं किंवा वडिलांचं असं एखादं घड्याळ असेल, आणि ते कधीतरी अशा पडद्यासमोर जाईल.

चावीच्या घड्याळाचा जीव असतो बॅलन्समध्ये. बॅलन्स म्हणजे एक इवलंसं चाक. ते पुरतं फिरत नाही, झोपाळ्यासारखं इकडून तिकडे हेलकावे घेतं. केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग त्याला प्रत्येक वेळी परत ओढते. चावीने पिळलेली मोठी स्प्रिंग त्याला दर हेलकाव्याला एक हलका धक्का देते, आणि त्या धक्क्याचा आवाज म्हणजे आपली टिकटिक. ‘जनता’ सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला १८,०००. चोवीस तासांचा गुणाकार करा: ४,३२,०००. हा आकडा ओळखीचा वाटला का? पुराणांनी कलियुगाची वर्षं एवढीच सांगितली आहेत. गुरुजींचं घड्याळ रोज एक कलियुग मोजून टाकतं! जुन्या मापात सांगायचं तर पळाचा साठावा भाग म्हणजे विपळ, आणि घड्याळाचा एक ठोका म्हणजे अर्धा विपळ. लग्नघटिका मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ज्याचा हिशेब कागदावर मांडला, तो अर्धा विपळ हे यंत्र कानाने ऐकतं.

चिमट्यात एक मायक्रोफोन असतो. तो प्रत्येक ठोका टिपतो आणि आपल्या आतल्या क्वार्ट्झच्या घड्याळाशी ताडतो. पूर्वी घड्याळजी घड्याळ कानाला लावत, वेळ जुळवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी फरक पाहत. एक दुरुस्ती, एक दिवस. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा एक दिवस. ही यंत्रं तशी आजची नव्हेत. स्वित्झर्लंडच्या ‘व्हायब्रोग्राफ’ यंत्रातून विसाव्या शतकात कागदाच्या पट्टीवर ठिपक्यांच्या रेघा उमटत. पण ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांची चैन होती. वणीच्या पेठेत हे काम आजवर कानच करत आला.

तीन आकडे

पडद्यावर मुख्य आकडे तीन. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. सगळ्यांचं लक्ष यावर, कारण तो सोपा. अधिक चिन्ह असेल तर घड्याळ पुढे जातं, उणे असेल तर मागे पडतं. ठिपक्यांची रेघ चढत गेली तर पुढे, उतरत गेली तर मागे, सपाट असेल तर बरोबर. दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसाला दहा सेकंदांची चूक म्हणजे ८६,४०० रुपयांच्या रोकडीत दहा रुपयांचा फरक. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देतात ते घड्याळ पंधरा दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून. तिथेही सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंद चालतात. साध्या जुन्या ‘जनता’ने वीस-तीस सेकंदांत राहावं, एवढीच अपेक्षा. माझा आकडा होता अधिक तीन. माझी छाती फुगली होती ती यावर.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र दिवसभर ऐकत नाही. ते काही सेकंद ऐकतं आणि त्याचा दिवसाचा हिशेब करून सांगतं. मार्चअखेरच्या एका संध्याकाळच्या शिलकेवरून शाखेचं वर्ष कसं गेलं ते सांगावं, तसंच हे.

दुसरा आकडा अंशांत असतो. त्याला ‘अॅम्प्लिट्यूड’ म्हणतात. आपण झोका म्हणू. बॅलन्स मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतो, ते हा आकडा सांगतो. पुरती चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ २७० ते ३०० अंशांचा झोका घेतं. जुन्या घड्याळात अडीचशे आला तरी समाधान मानावं. उभं धरलं की घर्षण वाढतं आणि झोका वीस-चाळीस अंशांनी उतरतो, हेही स्वाभाविक. पण दोनशेच्या खाली आला तर समजावं की आत काहीतरी अडतंय: तेल सुकलं, धूळ बसली, स्प्रिंग थकली. उलट झोका फार वाढून साडेतीनशेच्या घरात गेला तर बॅलन्स पुरा फिरून दुसऱ्या बाजूने धडकायला लागतो, आणि घड्याळ घोड्यासारखं उधळतं. माझ्या घड्याळाचा झोका होता १७६. उभ्यात १४८.

यंत्र हा झोका पाहू शकत नाही, ते तर फक्त ऐकतं. मग मोजतं कसं? आपल्या कानाला जो एक टिक वाटतो, तो खरं तर तीन आवाजांचा पुंजका असतो: कुलूप सुटल्याचा, धक्का बसल्याचा आणि पुढचं कुलूप लागल्याचा. पहिल्या आणि शेवटच्या आवाजामध्ये बॅलन्स एक ठरावीक कोन ओलांडतो. कोन ठाऊक, वेळ मोजला. त्यावरून वेग निघाला, आणि वेगावरून झोका. झोपाळा जेवढा उंच जातो तेवढाच तळातून वेगाने सुटतो, हे कुठलंही पोर सांगेल. तो कोन प्रत्येक बनावटीचा निराळा, बऱ्याच घड्याळांत पन्नास-बावन्न अंशांच्या आसपास, आणि तो यंत्रात आधी भरावा लागतो. चुकीचा भरला तर झोक्याचा आकडा चुकतो. सेकंदांचा मात्र चुकत नाही. म्हणून दुकानात कुणी झोका सांगितला तर कोन काय धरला, हे जरूर विचारावं.

तिसरा आकडा मिलिसेकंदांत. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं आहे का, ते हा दाखवतो. सारखं नसेल तर घड्याळ लंगडतं. पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब पळतात. अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदापर्यंत कुणी मनावर घेत नाही. माझ्या घड्याळाचं लंगडणं तीनच्या वर होतं. अशी घड्याळं बंद पडली की चावी देऊनही आपणहून सुरू होत नाहीत, त्यांना हलवावं लागतं. मला आठवलं, गेली कित्येक वर्षं मी सकाळी चावी दिल्यावर मनगटाला एक झटका देत होतो. ती माझी सवय नव्हती, ती घड्याळाची गरज होती.

चूक चुकीला झाकते

आता वाचक विचारतील, आणि मीही विचारलं: झोका एवढा मंद, वर लंगडणं, तरी वेळ बरोबर कशी?

पहिलं उत्तर घड्याळाच्या मूळ कल्पनेतच आहे. १६७५ साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने बॅलन्सला नागमोडी गुंडाळलेली स्प्रिंग लावून पाहिली. तिची खुबी अशी की झोका मोठा असो वा लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. म्हणून चावी उतरत आली तरी घड्याळ वेळ सांभाळतं. मोठाच गुण हा! पण या गुणामुळेच अशक्त घड्याळाचं दुखणं तबकडीवर उमटत नाही. काटे नेमके फिरत राहतात आणि आत सुकलेल्या तेलाचा गाळ धुराच्या सुईसारख्या टोकांना घासत राहतो.

दुसरं उत्तर घड्याळजींनी घड्याळ फिरवून दाखवलं. पालथं धरलं तेव्हा अधिक तीन. चावी खाली करून उभं धरलं, उणे एक्केचाळीस. चावी वर केली, अधिक छत्तीस. झोका लहान झाला की बॅलन्समधला बारीकसा असमतोलही उभ्या स्थितीत मोठा होऊन दिसतो. माझ्या दिवसभराच्या हालचालींत पुढे जाणं आणि मागे पडणं एकमेकांना खाऊन टाकत होतं, आणि सकाळी माझ्या हाती येत होता तो गोंडस ताळा.

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी लागलो तेव्हा बँकेत जाडजूड खतावण्या होत्या. महिनाअखेरीला सगळ्या खात्यांच्या बाकीची बेरीज जुळवायची. दहा पैशांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसायचं. आणि जुळली की चहा मागवायचा. पण आमचे एक जुने हेडक्लार्क चहा पिता पिता म्हणत, “जुळली याचा अर्थ बरोबर असा नव्हे. एकाचे पाचशे दुसऱ्याच्या खात्यात जमा केले तरी बेरीज जुळतेच.” ते खातेदार पासबुक घेऊन भांडायला येईपर्यंत ती चूक सुखाने नांदत असे.

एक नियमित खातं

घड्याळजींच्या स्टुलावर बसून मला जे आठवलं, ते याहून जड होतं.

नव्वदच्या दशकात मी नाशिक जिल्ह्यातल्याच एका शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. तिथे एक द्राक्षबागायतदार होता. चार एकर बाग, पीककर्ज. मार्च संपायच्या आत हा गृहस्थ पूर्ण कर्ज भरायचा आणि आठ-दहा दिवसांत नवं उचलायचा. याला गावाकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. शेतीशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. मधल्या दिवसांसाठी पैसा कुठून येतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असे: गावातल्या सावकाराकडून, दिवसाच्या व्याजाने. पण माझ्या तक्त्यात एकच रकाना होता, ‘नियमित’. त्यापुढे मी सही करत होतो. वरच्या कार्यालयात माझ्या शाखेची वसुली नावाजली जायची.

मी कधी त्याच्या बागेत जाऊन उभा राहिलो नाही. कर्ज भरतोस ते पिकातून की कर्जातून, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कर्जाचे हप्ते पाडून देता आले असते, मुदत वाढवता आली असती. नियमांत त्याला जागा होती. पण ज्या खात्याची बेरीज जुळते त्याकडे दुसऱ्यांदा कोण पाहतो? एका साली बेमोसमी पाऊस झाला, मणी तडकले. त्या मार्चमध्येही त्याने खातं चोख भरलं. नंतर माझी बदली झाली.

पुष्कळ वर्षांनी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात तो भेटला. टोमॅटोचे क्रेट उचलत होता, दुसऱ्याच्या गाडीत. बाग विकली होती. मला ओळखून हसला, हात पुसत जवळ आला आणि “साहेब, चहा घेता?” म्हणाला. चहाचे पैसेही त्यानेच दिले. निघताना म्हणाला, “साहेब, तुमचं खातं मात्र कधी थकवलं नाही बरं का.” तो हे अभिमानाने म्हणाला. मला मात्र त्या क्षणी माझ्या मनगटाकडेसुद्धा पाहवेना.

त्याच्याबद्दल पुढे मी कादंबरीत काही लिहीन असं वाटलं होतं, जमलं नाही. घड्याळजींचं वाक्य ऐकलं आणि इतक्या वर्षांनी त्या गोष्टीला नाव सापडलं. त्याचं खातं बरोबर होतं. तो बरा नव्हता. आणि पहिल्या आकड्यावर मी खूष होतो.

उघडावं की नाही?

“मग काटा जरा हलवून द्या की,” असं मी अडाण्यासारखं म्हणालो होतो. बॅलन्सवर रेग्युलेटरची एक बारीक दांडी असते. ती सरकवली की हेअरस्प्रिंगची कामाची लांबी कमी-जास्त होते आणि घड्याळ पुढे-मागे करता येतं. घड्याळजी म्हणाले, “दांडी हलवून फक्त पहिला आकडा बदलतो, साहेब. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकल्यासारखं ते.” घड्याळ उघडून, सुटं करून, धुऊन, तेल देऊन मगच दांडीला हात लावायचा, हा त्यांचा नियम.

मला भीती होती. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. आता सुटे भाग मिळतात ते दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतून. धुराचं टोक मोडलं तर? चालतंय तोवर चालू द्यावं, हा मोह मोठा असतो. पंधरा दिवस मी घड्याळ नुसतं खिशात घेऊन फिरलो. मग एका सकाळी पेटीवर ठेवलं आणि म्हणालो, “उघडा.”

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. घड्याळजींनी ते चिमट्यात धरलं. झोका २६२. लंगडणं अर्ध्या मिलिसेकंदावर. आणि पहिला आकडा? अधिक बावन्न! मी दचकलो. ते हसले. मागे कुणीतरी मळलेल्या घड्याळाला वेळेवर ठेवण्यासाठी दांडी पुढे ढकलून ठेवली होती. मळ निघाला, आणि झाकलेली चूक उघडी पडली. “बरं झाल्यावर आधी असंच होतं,” ते म्हणाले, “आता बरोबर करू.” दांडी केसभर मागे आली, आणि चारही बाजूंनी फिरवून सरासरी अधिक आठवर ठेवली. शून्य का नाही, असं मी विचारलं. “थोडं पुढे असलेलं घड्याळ बस चुकवत नाही,” हे उत्तर.

ज्यांना आपलं घड्याळ तपासायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी पुरती चावी द्यावी आणि थोडा वेळ चालू द्यावं. एका स्थितीतल्या आकड्यावर समाधान मानू नये. पालथं, उताणं आणि निदान दोन उभ्या स्थितींत पाहावं. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर घाबरू नये. बहुधा स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटलेले असतात, आणि चुंबकत्व उतरवणं हे घड्याळजींचं दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलवरही ठोके ऐकणारी ॲप्स मिळतात. त्यांतून पहिला आकडा बरा कळतो, पण झोक्यासाठी चिमट्याचा कान लागतो. सेलच्या घड्याळाला मात्र यातलं काही लागू नाही.

घड्याळजींनी बिलाच्या मागे तिन्ही आकडे तारखेसह लिहून दिले. ते मी जुन्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवले आहेत. घड्याळ आता पूर्वीपेक्षा थोडं जास्तच चुकतं. आठवड्याला जवळजवळ एक मिनिट पुढे. चावी दिली की मात्र झटका न देता सुरू होतं.

आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, “बरंय ना?” “बरोबर आहे ना?” असं कुणी कुणाला विचारत नाही. पस्तीस वर्षं खुर्चीत बसून मी येणाऱ्या प्रत्येकाला तोच दुसरा प्रश्न विचारत होतो. पिंपळगावला पुन्हा दोनदा जाऊन आलो. तो माणूस काही दिसला नाही.